दिलवरसिंगचा जबाब

“यातलं एक वाक्य चुकलंय, सर,” एवढंच म्हणून मंगलाबाईंनी फाईल टेबलावर ठेवली आणि घंटा झाली तशा त्या सातवीच्या वर्गावर निघून गेल्या. मोतीलाल फाईलकडे बघत राहिला. खिडकीतून बाजारातल्या मिरचीचा ठसका येत होता. नंदुरबारात जन्म गेलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण आज त्याला एकामागून एक शिंका आल्या, आणि शिपाई पाणी घेऊन आला तेव्हा त्याने उगाचच फाईलवर रुमाल टाकला. कोणतं वाक्य, हे तिने सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं. मुख्याध्यापकाच्या अहवालात काल नोकरीला लागलेली बाई चूक काढते, तर कोणती चूक, असं कुणीही विचारलं असतं. न विचारणं हीच कबुली झाली, हे त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं. मग त्याने फाईल उघडली आणि स्वतःशीच एक खेळ केला. शुद्धलेखनाच्या चुका शोधायला लागला. तालुक्यात त्याच्या अक्षराचं नाव होतं. वळणदार, एकसारखं, काना-मात्रा जागच्या जागी. एकोणसाठ सालचा अहवाल, सोळा पानं, वर दोरीने बांधलेली. ‘तोरणमाळ परिसरातील उन्हाळी जीवनशिक्षण शिबिर’. एकही चूक सापडली नाही. चौदाव्या पानावर आल्यावर त्याने डोळे वर घेतले आणि पान न वाचताच उलटलं. त्या पानावरचं ते वाक्य त्याला पाठ होतं: ‘स्थानिक मार्गदर्शकाच्या निष्काळजीपणामुळे शेवटच्या दिवशी वणवा लागून शिबिर आटोपते घ्यावे लागले.’

शिबिराची कल्पना मूळ त्याचीच. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा, नुकताच हायस्कूलमध्ये आलेला, तापीकाठच्या केळी-कापसाच्या घरातला पहिला पदवीधर. मुलांना पुस्तकं पाठ होतात, पण गाडग्यातलं बी वर्षभर कसं टिकवायचं ते येत नाही, असं तो सभांमधून बोलायचा आणि त्याला टाळ्या मिळायच्या. संस्थेच्या लोकांनी मग म्हटलं, करून दाखवा. तीस मुलंमुली, एक शिक्षिका, तो, आणि वर डोंगरात शिकवायला सात-आठ म्हातारीकोतारी माणसं. त्यांतल्या कुणालाच मराठी धड येत नव्हतं. त्यानेच हे ठरवलं होतं, शिकवणारी माणसं वरचीच हवीत. त्या एका गोष्टीचा त्याला आजही अभिमान वाटायचा आणि अभिमान वाटला की लगेच ते चौदावं पान आठवायचं. एक म्हातारी मुलांना राखेत बी मुरवायला शिकवायची. दुसरी एक कंद उकरताना कंदाचं डोकं परत मातीत पुरायला लावायची आणि विसरलं की मुलांच्या बोटांवर हलकेच चापट मारायची. मुलांना भाषा कळत नसे, चापट कळायची. आणि दिलवरसिंग. साठीच्या आसपासचा पावरा आदिवासी म्हातारा, अंगाने काटक, एका कानात चांदीची बाळी. त्याच्याकडे मधाचा धडा. झाडाच्या ढोलीतलं लहान माशांचं पोळं तो दिवसाउजेडी काढायचा. गोवरी पेटवून ती ओल्या पाल्यात गुंडाळायची, ज्वाळ होऊ द्यायची नाही, नुसता धूर. मग हात आत घालून बाहेरचे दोन-तीन तुकडे काढायचे, पिलांचा भाग तसाच ठेवायचा, आणि हात बाहेर घेतल्यावर ढोलीच्या तोंडाला दगड लावून माशांना घर परत द्यायचं. माशा त्याच्या मनगटावर चालायच्या. तो त्यांच्याशी काहीतरी बोलायचा. मोतीलालने हे सगळं वहीत लिहून घेतलं होतं, आकृती काढून. पण तो बोलायचा ते काय, हे विचारायचं राहून गेलं. शिबिराच्या तिसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या मोठ्या सादड्याच्या झाडाच्या ढोलीतून मध काढल्यावर दिलवरसिंगने दोन्ही हात हलवून खुणेने सांगितलं होतं की आता हिला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. मुलांनी मान डोलवली. मोतीलालनेही डोलवली.

आणि तरीही. रात्री रंजनाबाईने ताट वाढलं तेव्हा तो या ‘तरीही’पाशी अडकून बसला होता. “काय जयं तुमले? भाकर तशीच शे,” ती म्हणाली. काही नाही, म्हणून त्याने तुकडा मोडला. या बाईला आठ वर्षांत कळलेलं नाही की नवऱ्याचा घसा धरला तरी तो मधाचं चाटण का घेत नाही. तिला वाटतं, त्याला गोड सोसत नाही. खोटं किती सोपं असतं, नुसतं दुसऱ्याचा समज दुरुस्त करायचा नाही. तरीही त्या दिवशी, शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी, त्याला निरोप आला की उद्या समारोपाला शिक्षणाधिकारी येणार आहेत. साहेबांना काय द्यायचं? हार डोंगरात कुठून आणायचा? शिबिराची आठवण म्हणून मधाची बाटली, वर चिठ्ठी, विद्यार्थ्यांनी श्रमाने मिळवलेला मध. त्याला ते चित्र इतकं आवडलं की चित्रातली चूक दिसलीच नाही. दिलवरसिंग मुलांच्या दुसऱ्या टोळीबरोबर लांब गेला होता. जवळची ओळखीची ढोली एकच, सादड्याची. तो एकटाच गेला. गोवरी पेटायला, धुमसायला वेळ लागतो, अर्धा-पाऊण तास. त्याने वाळलेल्या गवताची पेंढी केली, काडी ओढली. आपण शिकलेले आहोत, बघून समजतं आपल्याला, असा काहीतरी गुर्मीचा भाव तेव्हा मनात होता, हे तो नंतर कितीतरी वेळा स्वतःजवळ कबूल करत आला. पहिल्याच माशीने भुवईजवळ डंख मारला आणि हातातली पेंढी खाली पडली. मेमधलं गवत. आवाज आधी आला, कुणीतरी जाड कापड फाडावं तसा. त्याने पायाने विझवायचा प्रयत्न केला, शर्ट काढून झोडपलं, बाही जळली, भुवया जळल्या. आणि मान वर केली तेव्हा ओढ्याच्या पलीकडे कळशी धरून मंगला उभी होती. शिबिरातली मुलगी, तेव्हा तेरा वर्षांची, दोन वेण्या, पाणी भरायला आलेली. त्याने तिला पाहिलं. तिने पाहिलंय हेही त्याने पाहिलं. मग धूर मध्ये आला.

डोंगराची एक बाजू संध्याकाळपर्यंत जळत होती. माणूस कुणी दगावलं नाही, जनावरही नाही. पण वनखात्याने चार वर्षांपूर्वी लावलेली सागाची रोपं गेली. दिलवरसिंग आणि वस्तीवरची माणसं हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होती. काम संपल्यावर म्हाताऱ्याने त्याच्याजवळ येऊन त्याच्या जळालेल्या भुवयांवरून बोट फिरवलं, मान हलवली, आणि कुठल्याशा पाल्याचा रस स्वतःच्या हाताने लावला. म्हणजे त्याला कळलं होतं. रागावला मात्र नव्हता. दुसऱ्या दिवशी शिक्षणाधिकारी आलेच नाहीत. आला तो जंगलचा गार्ड. घाईत होता, घामाघूम. दिलवरसिंगकडे बोट करून त्याने मोतीलालला विचारलं, “इथं मध काढतो तो हाच ना?” मोतीलाल म्हणाला, “हो.” या उत्तरात काही खोटं नव्हतं. आयुष्यात पुढे कितीदा तरी त्याने हे उत्तर फिरवून फिरवून पाहिलं आणि प्रत्येक वेळी ते खरंच निघालं. गार्ड म्हणाला, गुरुजी, माझं अक्षर घाण आहे, तुम्हीच लिहा जबाब, मी सांगतो. तो सांगत गेला, मोतीलाल लिहीत गेला. थांबवता आलं असतं. पेन खाली ठेवता आलं असतं. पण समोर तीस मुलं होती, शिक्षिका होती, नवी नोकरी होती, आणि पेन चालू झालं की त्याचं अक्षर आपोआप सुंदर येत जायचं. दीड पान झालं, एकही खाडाखोड नाही. दिलवरसिंग शेजारी उकिडवा बसून अक्षरं कागदावर कशी उमटतात ते कौतुकाने बघत होता. मग त्याने अंगठा पुढे केला. शाई मोतीलालनेच लावली. दुपारी मुलांना घेऊन तो खाली उतरला. पावसाळ्यात कुणाकडून तरी कळलं की म्हाताऱ्याला तीन महिन्यांची कैद झाली आणि जंगलातला जो तुकडा तो दरसाल पेरायचा, तो कायमचा काढून घेतला. तेव्हा अहवाल लिहायचा बाकी होता. जबाबात एक आणि अहवालात दुसरं, असं कसं लिहिणार?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याने मंगलाबाईंना बोलावून घेतलं आणि दार लोटून घेतलं. बसा म्हणावं की बस, हे त्याला ठरवता येईना.

“तू पाहिलं होतंस,” तो म्हणाला.

“हो.”

“मग इतकी वर्षं कुणाला...”

“घरी आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, गुरुजी म्हणतात तसंच झालं असेल, तुला धुरात नीट दिसलं नसेल. मग मलाही तसंच वाटायला लागलं, सर. पुढे ट्रेनिंगला असताना एकदा वर्गात जंगलावरचा धडा घेत होते आणि एकदम सगळं स्वच्छ दिसलं. तुमच्या हातातलं गवतसुद्धा.”

तिच्या आवाजात राग नव्हता, ते जास्त कठीण होतं. तिने पदर बोटाला गुंडाळला, सोडला. म्हणाली, “दोन वर्षं पाऊस नाही, म्हणून संस्थेला पुन्हा शिबिर हवंय. थोडक्यात कसं भागवायचं ते मुलांनी वरच्या माणसांकडून शिकावं म्हणून. मी मधाच्या धड्यापुढे दिलवरसिंगबाबांचं नाव लिहिलं. संस्थेच्या समितीने तुमचा अहवाल वाचला आणि नाव खोडलं. म्हणाले, आग लावणारा माणूस कशाला, दुसरा बघा.”

“तो आहे अजून?”

“आहेत. मी दिवाळीत जाऊन आले.”

म्हणजे आठ वर्षांत या पोरीला जाता आलं, आणि आपण शहाद्याच्या पुढे कधी गेलो नाही. बदलीचा एक हुकूम आला होता त्या बाजूचा, तोही ओळख लावून रद्द करून घेतला. तो म्हणाला, “मी समितीला पत्र लिहितो.” ती म्हणाली, “लिहा.” आणि दारापाशी थांबून, “पण त्यांना वाचता येत नाही, सर. पत्र समितीला कळेल. त्यांना कसं कळणार?”

पत्र त्याने तीन दिवस लिहिलं. पहिल्यांदाच त्याच्या अक्षराने दगा दिला. ओळ चढत गेली, शब्द गळले, शाई फुटली. समितीच्या अध्यक्षांनी ते वाचलं, घडी घातली, आणि चहा मागवला. म्हणाले, मोतीलालभाई, तुमची भावना आम्ही समजू शकतो. झालं ते झालं. म्हाताऱ्याचं नाव घाला परत, पण हे कागद बाहेर काढायची काय गरज? वनखात्याच्या रेंज ऑफिसात तो स्वतः गेला, तिथल्या कारकुनाने सांगितलं, साहेब, इतक्या जुन्या केसचे कागद ठेवत नाही आम्ही. त्या तुकड्यावर आता साग उभा आहे, बघायचा तर बघून या. कुणाला त्याचा गुन्हा नको होता. रस्त्यात उभं राहून त्याला वाटलं, आपण आता मोकळे झालो की काय. आणि असं वाटल्याची इतकी शरम वाटली की तो टांग्यात न बसता भर उन्हात घरापर्यंत चालत गेला.

मे महिन्यात शिबिराच्या दोन दिवस आधी तो आणि मंगलाबाई वर गेले. शहाद्यापर्यंत एसटी, पुढे लाकडाच्या ट्रकने घाट, मग पायवाट. वाटेत त्याने मनाशी वाक्यं जुळवली. प्रत्येक वळणावर ती मोडायची. दिलवरसिंग झोपडीपुढे खाटेवर बसला होता. पार वाळलेला, डोळ्यांत मोतीबिंदू, कानात बाळी नव्हती. त्याचा मुलगा इंद्रसिंग खाली तापीकाठी कुणाकडे तरी सालदार म्हणून राहिला होता, होळीपुरता घरी यायचा. सून रूपलीबाई एवढी घरात; तिने चार हंगाम खाली कापूस वेचला होता, तिला अहिराणी येत होती. मोतीलालचं नाव सांगितल्यावर म्हातारा उठून उभा राहिला. त्याने हात चाचपत त्याचा चेहरा शोधला, भुवयांवर बोट ठेवलं आणि हसला. मग बराच वेळ पावरी बोलीत काहीतरी सांगत राहिला.

“बाबा म्हनस,” रूपलीबाई म्हणाली, “गुरुजी चांगला मानूस. त्यासनी तं कागदवर खरं लिखं व्हतं. तरी बी सायेबनी आयकं नही. जंगलना मानूसनं कोन आयकस.”

मोतीलालला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग उलगडलं. आठ वर्षं या माणसाने असं धरलं होतं की गुरुजींच्या हातून चूक झाली, गुरुजींनी ती चूक कागदावर लिहिली, आपण साक्षीला अंगठा दिला; आणि एवढं खरं लिहूनही सरकारने त्यालाच नेलं, कारण सरकार तसंच असतं. तुरुंगात तो या समजुतीवर राहिला होता. जमीन गेली तेव्हाही. मंगलाबाई त्याच्याकडे बघत होत्या. वाटेत जुळवलेलं पहिलं वाक्य तोंडाशी आलंही. तेवढ्यात रूपलीबाईने पानावर भाजलेली मक्याची भाकर आणि वाटीत पातळ आमटी पुढे केली. घरात दुसरं काही नसावं. त्याने ते खाल्लं. खाताना बोलायचं राहिलं आणि खाल्ल्यावर बोलता येईना. शिबिराच्या जागेकडे परतताना मंगलाबाई पुढे चालत राहिल्या, आणि उतारावर त्याचा पाय घसरला तेव्हा मागे वळून थांबल्या, एवढंच.

शिबिराच्या पहिल्या सकाळी मुलं मोहाच्या सावलीत रांगा करून बसली. बत्तीस मुलंमुली. समोर वरची माणसं, बी राखणारी म्हातारी आता नव्हती, तिची लेक होती. दिलवरसिंगला रूपलीबाईने हाताला धरून आणून बसवलं. मंगलाबाई म्हणाल्या, “आज मधाचा धडा. पण आधी सरांना काही सांगायचंय.” असं काही ठरलं नव्हतं. मोतीलाल उभा राहिला. पंधरा वर्षं मुलांसमोर बोलणाऱ्या माणसाला हात कुठे ठेवावे कळेना. “आठ वर्षांपूर्वी इथे वणवा लागला होता,” त्याने सुरुवात केली. मग सादड्याची ढोली, बाटली, गवताची पेंढी, सगळं सांगत गेला. मध्ये स्वतःचा बचाव शिरतोय असं जाणवलं की थांबायचा, मागे जाऊन पुन्हा सांगायचा. मुलं ऐकत होती. गोष्ट चांगली रंगली की ऐकतात तशी ऐकत होती आणि तेही त्याला खुपत होतं.

दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. “सर, आग तुम्ही लावली, तर बाबांना का पकडलं?”

“कागदावर तसं लिहिलं होतं.”

“कुणी?”

“मी.”

मुलीने हात खाली घेतला. दिलवरसिंग आवाजाच्या रोखाने चेहरा करून बसला होता, चांगलं काही चाललंय अशा समजुतीने. त्याला यातलं अक्षरही कळलं नव्हतं. मोतीलाल रूपलीबाईकडे वळला आणि कधी नव्हे ती विद्यार्थ्यांसमोर घरची बोली त्याच्या तोंडातून निघाली. “सांग त्यासले. मी काय बोलनू ते सांग.” तिने पदर डोक्यावर सारखा केला. त्याला जे सांगायला पाऊण तास लागला होता, ते तिने सासऱ्याच्या कानाशी वाकून चार-पाच शब्दांत सांगितलं. म्हाताऱ्याने ते पुन्हा वदवून घेतलं. मग तो काही बोलला. रूपलीबाई जमिनीकडे बघत राहिली.

“काय म्हनी ऱ्हायनात ते?”

“ऱ्हाऊ द्या ना, गुरुजी.”

“सांग.”

“बाबा म्हनस, अंगठा तं मन्हा व्हता. मंग आठ साल मीच खोटा व्हतू, आनि माले कोनी सांगं नही.”

मोतीलाल म्हणाला, “नही.” ते फार हळू आलं आणि कुणी भाषांतरही केलं नाही. मंगलाबाईंनी तोंडावर हात धरला होता. म्हातारा उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरून बसला, आणि मग त्याने आणखी एक गोष्ट मागितली. रूपलीबाईने ती सांगितली: कागदात काय होतं ते बाबांना ऐकायचंय. सगळं. बाबा काय बोलले असं लिहिलं होतं, ते शब्दाला शब्द.

कागद कुठेच उरला नव्हता. पण दीड पानाचा तो जबाब मोतीलालला तोंडपाठ होता; आठ वर्षांत एकही रात्र अशी गेली नसेल की त्यातली ओळ न ओळ त्याच्यासमोरून सरकली नाही. तो खाली बसला, म्हाताऱ्याच्या पुढ्यात. “मी, दिलवरसिंग, वय अंदाजे साठ, राहणार वरील वस्ती,” तो म्हणाला. रूपलीबाईने ते त्यांच्या बोलीत केलं. म्हाताऱ्याने मान डोलवली; हे खरं होतं. “माझा धंदा शेतीचा.” मान डोलली. “उन्हाळ्यात मी झाडांच्या ढोलीतून मध काढतो, हे काम मला माझ्या बापाने शिकवलं.” हे ऐकताना त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जुनं हसू आलं, आणि त्याने मुलांच्या दिशेने हात करून काहीतरी सांगितलं, बहुधा बापाबद्दल. मुलंही हसली. मग त्याने चेहरा परत मोतीलालकडे वळवला आणि वाट बघू लागला. मोहाखाली कुणी हलत नव्हतं.

“फुडे?” रूपलीबाई म्हणाली.

मोतीलालने पुढचं वाक्य म्हटलं.